‘अंकुर’मधलं गाव आपलंच का वाटतं?

प्रश्न : मुलाने परवा श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ लावून दिला. पाहताना सारखं वाटत राहिलं, की हे गाव आमच्याच भागातलं आहे. त्यातली माणसं बोलतात तेही नांदेडच्या देगलूर नाक्यावर ऐकू येतं तसं. हा चित्रपट मराठवाड्यात काढला होता का? बेनेगल मराठी होते का? आणि ज्यांनी ‘अंकुर’ काढला त्यांनीच दूध सोसायटीवरचा ‘मंथन’ आणि दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’ ही मालिका केली, हे खरं का? एकाच माणसाचे विषय इतके निरनिराळे कसे?
– एक वाचक, देगलूर (जि. नांदेड)

उत्तर : तुमच्या शंका बऱ्याच आहेत, पण त्यांची सुरुवात एकाच ठिकाणी होते : जुन्या हैदराबाद संस्थानात. आधी गावाचं पाहू, मग माणसाचं आणि शेवटी कामाचं.

‘अंकुर’ मराठवाड्यात काढलेला नाही. त्याचं चित्रीकरण हैदराबादजवळच्या येल्लारेड्डीगुडा इथे झालं आणि चित्रपट १९७४ साली आला. तरीही गाव ओळखीचं वाटलं, याला कारण आहे. आज नांदेड महाराष्ट्रात, निजामाबाद तेलंगणात आणि बिदर कर्नाटकात आहे. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे तिन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार फेररचना होईपर्यंत हैदराबाद राज्य एकत्रच राहिलं. म्हणजे तुमच्या तालुक्याला लागून असलेली राज्याची सीमा तुमच्या आजोबांच्या काळात नव्हती. जमिनीचा कारभार, जहागिरी, वतनं, कचेरीतले शब्द, वाड्यापुढे हात जोडून उभं राहण्याची रीत, हे सगळं अलीकडे-पलीकडे मिळतंजुळतं होतं.

बोलीचंही तसंच. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड. या सगळ्यांच्या शेजारात राहून बाजारातली दखनी घडत गेली. तीच तुम्हाला नांदेडला ऐकू येते आणि तीच ‘अंकुर’मध्ये आहे. तोवर हिंदी पडद्यावर हैदराबादी बोली आली की ती बहुधा हसवण्यासाठी असे. ‘गुमनाम’मधला मेहमूद आठवून पाहा. बेनेगलांनी ती बोली दुःख, लाज आणि संताप सांगण्यासाठी वापरली. ती खरी वाटते ती त्यामुळेच.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. ‘दोन्हीकडे निजामच होता, तेव्हा सगळं सारखंच होतं’ असं नाही. तेलंगणातल्या बड्या देशमुखांकडे जमीन फार मोठ्या प्रमाणावर एकवटली होती आणि वेठबिगारीचा काच तिथे जास्त होता. म्हणून तिथे शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव झाला. मराठवाड्यात लढ्याने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुख्यतः राजकीय मुक्तिसंग्रामाचं रूप घेतलं. तेव्हा ‘अंकुर’मधलं गाव तुमचं चुलत गाव म्हणता येईल, सख्खं नव्हे.

आता माणसाकडे वळू. बेनेगल मराठी नव्हते. घरची भाषा कोंकणी, कुटुंब मूळचं किनारी कर्नाटकातलं. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ चा, सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीचा. नांदेडचा रेल्वे विभाग ज्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो, तिचं मुख्यालय असलेलं हेच सिकंदराबाद. वडील छायाचित्रकार होते. त्यांच्याच कॅमेऱ्यावर बाराव्या वर्षी मुलाने पहिला छोटा चित्रपट घेतला. संस्थान विलीन झालं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. जहागिरीचा अस्त आणि तेलंगणातला उठाव या गोष्टी त्यांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतल्या आहेत.

ते मराठी नसले तरी त्यांच्या कामात मराठी माणसं ठायी ठायी आहेत. ‘निशांत’ची (१९७५) पटकथा विजय तेंडुलकरांची आणि ‘मंथन’च्या (१९७६) पटकथेतही त्यांचा हात आहे. दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील यांना चित्रपटात आणलं ते बेनेगलांनी. ‘भूमिका’ (१९७७) तर हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर उभा आहे. त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता कामाचं. विषय इतके निरनिराळे का, याचं निम्मं उत्तर पैशांत आहे. बेनेगलांनी आधी जाहिरातसंस्थेत नोकरी केली आणि शेकडो जाहिरातपट व माहितीपट काढले. ‘अंकुर’ची कथा त्यांच्याकडे कितीतरी वर्षं तयार होती, पण निर्माता मिळत नव्हता. शेवटी चित्रपटगृहांत जाहिराती दाखवणाऱ्या ‘ब्लेझ’ या कंपनीने पैसे घातले. तिथून त्यांना एक वाट सापडली : नेहमीचा फिल्मी निर्माता शोधत बसायचं नाही, ज्याला विषयाची निकड आहे त्याच्याकडे जायचं. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख रुपये उभे राहिले. विणकरांवरच्या ‘सुसमन’मागे हातमाग सहकारी संस्था होत्या, ‘आरोहण’मागे पश्चिम बंगाल सरकार, ‘जुनून’ आणि ‘कलयुग’मागे शशी कपूर. १९८८ ची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ दूरदर्शनची. पाठीराखा बदलला की विषयही बदलला.

उरलेलं निम्मं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. विषय बदलले तरी एक प्रश्न बेनेगलांनी सोडला नाही : गावात सत्ता कोणाच्या हातात आहे आणि दुबळ्याने दाद मागायची कोणाकडे? ‘अंकुर’चा शेवट आठवा. जमीनदाराचा मुलगा सूर्या मुक्या-बहिऱ्या किष्टय्याला चाबकाने फोडून काढतो. त्याची बायको लक्ष्मी सूर्याला शिव्याशाप देते. लोक पाहतात आणि पांगतात. मग एक लहान मुलगा दगड उचलतो, घराच्या काचेवर भिरकावतो, पळून जातो आणि पडदा लाल होतो. त्या मुलापाशी दगडाखेरीज काही नाही. ‘निशांत’मध्ये शाळामास्तरची बायको जमीनदाराचे भाऊ पळवून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो. कोणी दाद देत नाही. शेवटी गाव उठतं तेव्हा त्या रागात अपराध्यांबरोबर निरपराधही मरतात. ‘मंथन’मध्ये पहिल्यांदा दाद मागायची जागा तयार होते : सोसायटीतलं मत. तिथेही सरपंच आणि खासगी डेअरीवाला आडवे येतात, पण शेतकऱ्याच्या हातात आता दगडाहून मोठं काहीतरी आलेलं असतं.

असे चित्रपट ‘पुरस्कारासाठी काढतात, लोक पाहत नाहीत’ हा समजही खरा नाही. ‘अंकुर’ चांगला चालला, म्हणून तर त्याच कंपनीने पुढच्या चित्रपटांतही पैसे घातले. ‘मंथन’ पाहायला तर गुजरातच्या खेड्यांतून शेतकरी ट्रक भरभरून आले, कारण चित्रपट त्यांचा होता आणि त्यात त्यांचे दोन रुपये होते.

पुरवणी प्रश्न : बेनेगलांचं काम पहिल्यापासून पाहायचं तर कुठून सुरू करावं? सगळं पाहणं शक्य नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : सगळं पाहायची गरज नाही. देगलूरच्या वाचकांनी केली तशीच ‘अंकुर’पासून सुरुवात करा, मग ‘निशांत’ आणि ‘मंथन’. हे तीन लागोपाठ पाहिले की वर सांगितलेला धागा हाती लागतो. एका स्त्रीचं आयुष्य जवळून पाहायचं असेल तर ‘भूमिका’. तिच्या बालपणाचे प्रसंग कृष्णधवल घेतले आहेत, तेव्हा प्रिंट खराब आहे असं समजू नका. विनोद हवा असेल तर ‘मंडी’ (१९८३), फाळणीने तुटलेलं कुटुंब पाहायचं असेल तर ‘मम्मो’ (१९९४).

पण ‘वेल डन अब्बा’ (२०१०) चुकवू नका, लातूरकरांनी तर मुळीच नाही. बेनेगल पंचाहत्तरीत होते, तेव्हाचा हा चित्रपट. ते पुन्हा हैदराबादच्या मुलुखात, त्याच दखनी बोलीत परतले. बोमन इराणी यांनी रंगवलेला अरमान अली दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठीच्या योजनेतून विहीर मागतो. या टेबलावर थोडे, त्या टेबलावर थोडे असं करत सगळे पैसे वाटेतच संपतात आणि विहीर कागदावर पूर्ण होते. तेव्हा तो मुलीच्या साथीने ठाण्यात तक्रार देतो, की माझी विहीर चोरीला गेली. कागदावर ती आहे आणि शेतात नाही, म्हणजे चोरी झालीच! कायद्याच्या भाषेतच कायद्याला धरलेलं हे बोट आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या तुमच्या शहरात या प्रसंगाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

बेनेगलांचं २३ डिसेंबर २०२४ रोजी निधन झालं. ‘अंकुर’ आणि ‘वेल डन अब्बा’ यांच्यात छत्तीस वर्षांचं अंतर आहे. पहिल्यात मुलाच्या हाती दगड आहे, दुसऱ्यात बाप-लेकीच्या हाती अर्ज. दोन्हीत अन्याय आहे, लाचार माणसं आहेत आणि त्यांतून उठणारं एखादं माणूसही आहे. एवढ्या वर्षांत बदललं ते इतकंच, की आता दाद मागायला एक दार आहे. ते कोणी उघडत नसेल तर ठोठावत राहावं लागतं. हे दोन चित्रपट जमल्यास एकाच आठवड्यात पाहा आणि घरात कोणी निजामाचा काळ पाहिलेलं किंवा ऐकलेलं असेल तर त्यांना शेजारी बसवा. चित्रपट थांबवून त्यांना विचारता येईल असं त्यात खूप काही आहे.