सेफ्टी व्हॉल्व्हची वाट अडवू नका

8 डिसेंबर 2017 रोजी परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली. कामगार होरपळले, काही दगावले. बीड जिल्ह्यात आधी बातमी पसरली ती ‘बॉयलर फुटला’ अशीच. कारखान्यात जीव घेतो तो बॉयलर, हे आमच्या कामगारांच्याही मनात पक्कं आहे आणि मला त्याचीच काळजी वाटते. बॉयलर तपासायला सरकारी अधिकारी येतो, बॉयलरपाशी परवानाधारक अटेंडंट असतो. ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटरच्या बॉड्या, एक्झॉस्टची लाइन यांच्याकडे त्या नजरेनं कुणी बघत नाही. म्हणतात, तिथं दाब असून असून किती, दीड किलो!

पण एक मीटर व्यासाच्या हीटरच्या झाकणावर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब आला की जवळजवळ आठ टनांचा रेटा बसतो.

मी बॉयलिंग हाऊसला फिटर होतो तेव्हाची गोष्ट. ऐन गळीत हंगामात एक ज्यूस हीटर लाइनमधून काढला. रसाचे येण्या-जाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. व्हेपरचा व्हॉल्व्ह मात्र नीट बसत नव्हता, आतून वाफ गळत होती. नळ्यांमधला रस कोंडला गेला आणि तापत राहिला. कोंडलेला द्रव एखाद्या अंशानं तापला तरी दाब काही किलोंनी चढतो, कारण त्याला फुगायला जागाच नसते. अशा वेळेसाठी झाकणावर छोटा रिलीफ व्हॉल्व्ह होता. पण तो ठिबकतो म्हणून कुणीतरी त्याच्या खालचा हँड व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता. गॅस्केट उडालं. शेजारून जाणाऱ्या हेल्पर पोराच्या हातावर, छातीवर उकळता रस आला. वाचला, पण त्याचे वण गेले नाहीत.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात 11 जून 2008 रोजी असंच घडलं. रप्चर डिस्क बदलण्यासाठी आदल्या दिवशी रिलीफच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद केला होता, तो उघडायचा राहिला. सकाळी लाइन धुवायला वाफ सोडली, हीट एक्स्चेंजरमधला अमोनिया तापला आणि एक्स्चेंजर फुटला. एक कर्मचारी गेली. माणसांची मोजणी नीट झाली नव्हती, त्यामुळे ती ढिगाऱ्यात आहे हे काही तासांनी कळलं.

म्हणून आधी सांगतो, भांडं आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बंद करता येईल असं काही ठेवू नका. दुरुस्तीसाठी लागतच असेल तर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि थ्री-वे व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे एक वाट कायम उघडी राहील. व्हॉल्व्ह गळत असेल तर स्प्रिंग आवळू नका. तो काढून लॅपिंग करा, टेस्ट बेंचवर सेट करा, सील लावा. आणि हंगाम सुरू होण्याआधी एक स्पेअर तयार ठेवा, कारण चालू गाळपात दुरुस्तीला कुणी थांबत नाही. डिस्चार्जचं तोंड जिथं माणूस उभा राहत नाही अशा जागी काढा.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. टर्बाइनमधून येणारी एक्झॉस्ट वाफ कमी पडली की पीआरडीएसमधून, म्हणजे वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेतून, बॉयलरची ताजी वाफ, समजा 45 किलोची, दाब उतरवून त्याच लाइनला देतात. पीआरडीएसचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर? दोन-अडीच किलोसाठी बांधलेल्या बॉड्यांकडे ती सगळी वाफ धावते. तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह योग्य दाबाला उघडला एवढ्यानं भागत नाही. पीआरडीएस पूर्ण उघडल्यावर जितकी वाफ येईल तितकी बाहेर टाकण्याची त्याची ताकद हवी. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 31 हेच सांगत होतं, की सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करा. सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीत होणारी तपासणीही नियमांत आहे. ती करायला माणूस आला की त्याला नुसता चहा पाजू नका, बॉडीपाशी नेऊन उभं करा.

आपल्याकडे कारखान्यांची विस्तारीकरणं झाली. बॉयलर बदलले, टर्बाइन आले, पीआरडीएस मोठा बसला. एक्झॉस्ट लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तेव्हा बदलला होता का, हे बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आधी तुमच्या चीफ इंजिनिअर साहेबांना विचारा, आणि तासाला किती टन वाफ तो बाहेर टाकतो त्याचा हिशोब कागदावर मागा.