सोंगाचा कपडा : लांबून खरा, जवळून खोटा

दिवाळी आटोपली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. धानाच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. पूर्वी येथे दंडार आणि खडी गंमत होत असे व पुरुषच लुगडे नेसून बायकांची कामे करीत. आता रात्र रात्र चालणारी संगीत नाटके होतात. गावचे मंडळ नाटक कंपनीशी करार करते, मंडप घालते आणि तिकिटे विकते. देसाईगंज म्हणजे वडसा हे या धंद्याचे मुख्य ठाणे आहे. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेचे नाव देशभर गेले.

इकडे दक्षिणेला आलापल्ली, एटापल्ली, सूरजागडच्या पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, इंग्रजी शाळा आहेत. डिसेंबर-जानेवारीत त्यांची संमेलने होतात. मुलाला शिवाजी महाराज करायचे, मुलीला परी करायची, म्हणून पालक दुकानाची पायरी चढतात. आम्ही काय करतो? दोन मीटर साटीन फाडून देतो आणि गल्ला बंद करतो. खरी कमाई पुढे असते, ती ड्रेपरी भाड्याने देणारा घेतो. कापड आमचे, हुनर आमच्या दर्जी भाईंचे, मग हा धंदा दुसऱ्याच्या हाती का? म्हणून आजचा धडा सोंगाच्या पोशाखाचा.

या कामाचा कायदा एका ओळीत सांगता येतो. चांगला पोशाख लांबून खरा दिसतो आणि जवळून खोटा असल्याचे कबूल करतो. बाकी सारे यातूनच निघते.

प्रथम लांबून खरे दिसण्याचे पाहू. प्रेक्षक पंचवीस-तीस फुटांवर बसतो. त्याला टाका दिसत नाही, आकार दिसतो. डोक्यावर काय आहे, खांदे कसे आहेत, कमरेला काय बांधले आहे आणि पायात काय आहे, या चार ठिकाणी माणूस ओळखला जातो. पैसा तेथेच घालावा. राजाच्या अंगरख्याला खांद्यात बकरम द्यावे, कडेला रुंद लप्पा लावावा. पाठीवर गोटा लावून पैसे वाया घालवू नयेत. आरमोरी, नागभीडचा कोसा ही या भागाची शान आहे, पण तो सोंगासाठी कापू नये. रंगवलेली सुती पॉपलीन दिव्याच्या उजेडात तेच काम भागवते. भारी मालावर कात्री चालवणे ही हुशारी नव्हे.

दुसरी गोष्ट मापाची. हा पोशाख एका अंगासाठी नसतो, दहा अंगांसाठी असतो. शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कापड सोडावे. पाठीला बटणाऐवजी नाडी द्यावी, कमरेला इलास्टिक घालावे. चोळीचेही तसेच. आतून मांजरपाटाचे अस्तर द्यावे म्हणजे घाम वरच्या साटीनपर्यंत पोहोचत नाही आणि पोशाख अनेक हंगाम टिकतो.

आता हिसाब करू. समजा, एका अंगरख्याला ४ मीटर साटीन लागली, ९० रुपयांनी ३६० झाले. अस्तर ३ मीटर, ६० रुपयांनी १८०. लेस आणि गोटा १५० रुपये, बकरम-नाडी-हूक ६० रुपये, शिलाई ४५० रुपये. एकूण १,२०० रुपये. हा विकला तर फार तर १,५०० येतील, म्हणजे नफा ३०० आणि विषय संपला. तोच एका रात्रीला २०० रुपये भाड्याने दिला, धुलाई आणि डागडुजीचे ५० वजा केले, तर रात्रीला १५० राहतात. आठ रात्रींत भांडवल निघते. वीस रात्री लागल्या तर पहिल्याच हंगामात १,८०० रुपये सुटतात आणि अंगरखा आपल्याच पेटीत असतो. आपापल्या बाजाराचे भाव घालून हाच हिसाब करावा. मात्र अनामत रक्कम आधी घ्यावी आणि वहीत प्रत्येक नग लिहावा : मुकुट एक, कमरपट्टा एक, मोजडी जोड एक. उधारीवर गेलेला मुकुट सहसा घरी येत नाही.

आता जवळून खोटे असण्याचे पाहू. येथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, माणूस अडचणीत येतो.

नाटकात पोलीस लागतोच. पण हा गडचिरोली जिल्हा आहे. येथे वर्षानुवर्षे बंदुकांचा संघर्ष झाला. २०१६ च्या डिसेंबरात सूरजागडच्या खाणीवर सत्तरांहून जास्त वाहने जाळली गेली. अशा मुलखात हुबेहूब वर्दी घालून रात्री रस्त्याने निघालेला नट कोणाला काय वाटेल, याचा विचार शिवणाऱ्याने करायला हवा. कायदाही आहे. लोकांनी खरे मानावे या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे, सैनिकाच्या पोशाखासाठी कलम १६८ आहे. रंगमंचावरचे काम त्यात येत नाही, पण रस्ता म्हणजे रंगमंच नव्हे. म्हणून खाकीची छटा वेगळी ठेवावी, खरी बिल्ले-फीत लावू नये, छातीवर नाटकातलेच नाव शिवावे. पोशाख पेटीत बंद करून, मंडळाच्या चिठ्ठीसह पाठवावा आणि मंडपातच घालावा.

तसेच शिंगे, नखे आणि कातडी. गव्याचे शिंग, वाघनख, बिबट्याचे कातडे यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कोणी घरातले जुने म्हणून आणून दिले तरी पोशाखाला लावू नये. कागदाचा लगदा आणि मैद्याची खळ यांतून शिंग, मुकुट, मुखवटा सारे बनते, आणि डोक्याला हलके. इटलीतील व्हेनिस शहरात मुखवटे करणाऱ्या कारागिरांना १४३६ सालीच स्वतःची नियमावली मिळाली होती. तेथील मुखवट्यांचा उत्सव अठराव्या शतकाच्या अखेरीस मोडला, तो १९७९ साली पुन्हा उभा राहिला आणि कारागिरांच्या हाताला काम आले. लगद्याच्या कामाला कमी समजू नये.

आगीचे भय विसरू नये. आजची साटीन आणि जाळी बहुधा पॉलिस्टरची असते. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. सुती कापड वितळत नाही, पण तेही झटकन पेटते. म्हणून मुलांच्या पोशाखाला लोंबत्या बाह्या आणि जमिनीवर लोळणारा घेर नको. परीचे पंख किंवा राजाची शाल गळ्यात गाठ मारून बांधू नये. ओढले की सुटेल अशी चिकटपट्टी लावावी.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. शाळेत ‘आदिवासी’ सोंगासाठी पानांचा घागरा, डोक्याला पिसे आणि तोंडाला काळा रंग मागितला जातो. सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, दूरदूरच्या गावांतून माडिया बांधव येतात. त्यांतला कोण पानांचा घागरा घालून येतो? धोतर, लुगडे, पटका आमच्याच दुकानातून नेतो, भाव पाडून नेतो, कापड चोळून पाहतो. ज्या वर्गात त्याचे पोर बसते, तेथे त्याच्या समाजाची थट्टा आम्ही मीटरने मोजून विकावी काय? असे गिऱ्हाईक आले तर त्याला सांगावे की नीट नेसलेले लुगडे, मण्यांची माळ आणि डोक्याला फेटा घ्या. बिल तेवढेच होते, उलट थोडे जास्तच.

दर्जी बांधवांनी यंदा फार पसारा मांडू नये. एक राजा, एक शेतकरी, एक परी आणि दोन लुगड्यांचे संच एवढ्यावर सुरुवात करावी. नवरात्रीपूर्वी शिवून ठेवावे, कारण दिवाळीनंतर मशीनला सवड नसते. गावातल्या दोन मंडळांना आणि एका शाळेला पेटी उघडून दाखवावी. जो माल ठरल्या रात्री, धुतलेला आणि पूर्ण नगांसह पोहोचतो, त्याच्याकडे मंडळ पुढच्या वर्षी न बोलावता येते.