मांडीवरच्या खळग्यांचं पॅकेज

ठाण्यातल्या एका स्लिमिंग सेंटरमध्ये मी गेले होते ती वाढलेल्या कमरेसाठी. बाहेर पडले तेव्हा हातात मांड्यांच्या पॅकेजची पावती होती. फुकटच्या 'कन्सल्टेशन'मध्ये तिथल्या मुलीने मला आरशाकडे पाठ करून उभं केलं, डोक्यावरचा दिवा लावला, मांडीची कातडी दोन्ही हातांनी आवळली आणि म्हणाली, "हे बघा मॅडम, सेल्युलाईट. टॉक्सिन्स साचलेत सगळे. आत्ता नाही केलं तर गुडघ्यापर्यंत पसरेल." मशीनचा मसाज, गरम पट्टे आणि एक क्रीम मिळून 48,000 रुपये. आज भरले तर सूट.

तिने सांगितलेल्यातलं नाव तेवढं खरं होतं. बाकीचं काय, ते मला माझ्या मामेबहिणीने समजावलं. ती त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि फटकळ आहे. "विषबिष काही साचत नाही गं," ती म्हणाली, "शरीरातला टाकाऊ माल काढायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. मांडीत कोण कशाला ठेवायला जाईल?"

मग तिने तिच्या दिवाणावरची गादी दाखवली. कापसाची, टाके घातलेली. जिथे टाका खाली ओढतो तिथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांमधला कापूस वर फुगतो. आपल्या कातडीखाली असंच असतं. चरबी लहान लहान कप्प्यांत भरलेली असते आणि त्या कप्प्यांच्या मधून कोलॅजनचे चिवट तंतू जातात. हे तंतू वरच्या त्वचेला खालच्या स्नायूंवरच्या आवरणाशी बांधून ठेवतात. बायकांमध्ये ते बरेचसे उभे, सरळ असतात, त्यामुळे कप्पेही उभे राहतात आणि चरबीला वर सरकायला वाट मिळते. पुरुषांमध्ये तेच तंतू तिरके, एकमेकांना छेद देत जाळीसारखे जातात, वर त्यांची त्वचाही जाड. म्हणून सुटलेल्या पोटाच्या काकांच्या मांड्या गुळगुळीत आणि सडपातळ काकूंच्या मांडीवर खळगे, असं सर्रास दिसतं. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोघांनी 1978 मध्ये हा फरक मांडला. त्यांच्या लेखाचं नावच 'तथाकथित सेल्युलाईट: एक रचलेला आजार' अशा अर्थाचं होतं. पॅकेज विकणाऱ्यांनी ते वाचलेलं नसणार.

वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे मुलींच्या मांड्यांवर आणि पार्श्वभागावर चरबी धरायला लागते, खळगेही तेव्हापासूनच. वयात आलेल्या बायकांपैकी 80 ते 90 टक्के जणींना ते कमीअधिक प्रमाणात असतात. दहातल्या आठ-नऊ जणींना जे आहे त्याला रोग म्हणायचं, तर निरोगी कोणाला म्हणणार? पुढे वजन वाढलं की कप्पे फुगतात. वय वाढलं की तंतू ताठर होतात, त्वचा पातळ पडते, आणि जे आधी चिमटीत धरल्यावरच दिसायचं ते नुसतं उभं राहिल्यावर दिसू लागतं. कोणाला किती, हे बरंचसं आई-मावशीकडून येतं. माझ्या आईला आहे की नाही, हे मात्र मला आजही माहीत नाही. नऊवारीत वावरलेल्या त्या पिढीला स्वतःच्या मांडीची मागची बाजू बघायचा प्रसंगच कधी आला नसेल. आपल्याला तो मॉलच्या ट्रायल रूममध्ये येतो, आणि तिथेही दिवा नेमका डोक्यावर असतो. वरून उजेड पडला की प्रत्येक खळग्याला सावली मिळते. तीच मांडी खिडकीसमोर, समोरून येणाऱ्या उजेडात बघा. निम्मे खळगे दिसेनासे होतात.

हा उजेडाचा खेळ सेंटरवाल्यांना चांगला ठाऊक होता. माझा 'आधी'चा फोटो त्या डोक्यावरच्या दिव्याखाली, पार्श्वभाग आवळायला लावून काढला होता. 'नंतर'चा काढताना मला सैल उभं केलं आणि समोरून पांढरा दिवा मारला. मापाचंही तसंच. पहिल्या दिवशी टेप मांडीच्या सगळ्यात जाड भागावर सैल धरली होती. नंतर ती दोन बोटं खाली सरकली आणि इतकी घट्ट ओढली की कातडीवर वळ उठला. "बघा, दीड इंच गेला!" मी म्हटलं, गुडघ्याच्या वाटीपासून अंतर मोजून पेनाने खूण करा आणि त्याच खुणेवर पुन्हा घ्या. तेव्हा त्या मुलीला मॅनेजरला बोलवावं लागलं.

तेव्हा कोणी असं काही विकत असेल तर फोटोला तोच दिवा, तीच उभं राहण्याची तऱ्हा आणि मापाला तीच खूण, एवढं आधी मागा. ऐकून घ्यायची तयारी नसेल तर पर्स बंद ठेवा.

उपायांचं म्हणाल, तर मसाजने कातडी थोडी फुगते, थोडा वेळ सपाट दिसते, मग पुन्हा होती तशी. कॅफीन घातलेल्या क्रीमचंही तेच. रेटिनॉलचं क्रीम महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा किंचित जाड होऊन थोडाफार फरक दिसू शकतो, पण गरोदरपणात ते वापरायचं नाही. लायपोसक्शनने चरबी निघते, तंतू तिथेच राहतात, आणि कधी कधी वरचा भाग आणखी खडबडीत होतो. भूल देऊन, कातडीखाली सुईसारख्या बारीक पात्याने ते तंतूच कापायचा एक उपाय आहे आणि त्याचा परिणाम काही वर्षं टिकतो. पण तो डॉक्टरचा प्रांत, पार्लरचा नव्हे. अमेरिकेत 2020 मध्ये हे तंतू विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला मान्यता मिळाली होती. त्याने इतके काळेनिळे डाग पडू लागले की 2022 च्या अखेरीस कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तर असे डाग जायला जास्तच वेळ लागतो.

व्यायामाने तंतू तुटत नाहीत, हे मामेबहिणीने स्पष्टच सांगितलं. मात्र मांडीचे स्नायू भरले की वरची कातडी ताणून बसते. मी जिने चढते, उठाबशा काढते, कारण गुडघ्यांना त्याची गरज आहे. मांडी थोडी बरी दिसते तो वरकड नफा. उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका. कातडी लोंबली की खळगे उलट उठून दिसतात.

पैशांचं सांगायचं तर पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलेलं होतं. तेवढ्याने आपला हक्क संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे तक्रार नोंदवल्यावर न घेतलेल्या सेशन्सचे पैसे मला परत मिळाले, भांडून का होईना. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही. त्यासाठी पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तोंडी दिलेलं आश्वासन मेसेजवर लिहून मागा. ते लिहून द्यायला टाळाटाळ झाली की काय ते समजून घ्यावं.

मात्र पायाचं प्रत्येक दुखणं 'सेल्युलाईटच असेल' म्हणून सोडून देऊ नका. कंबरेखाली दोन्ही पाय सारखेच जाड होत चाललेत, दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं आणि पावलं तेवढी सडपातळ राहिलीत, तर तो लायपेडेमा असू शकतो. त्याला बाई खाते फार म्हणून हिणवण्यापेक्षा डॉक्टरला दाखवावं. एकच पाय सुजत चालला असेल तर शिरेतली गाठ, लसिकांची सूज, विदर्भासारख्या भागात हत्तीरोग, अशी कारणं तपासावी लागतात.

आणि सेल्युलायटिस हे तर निराळंच प्रकरण आहे. तो जंतुसंसर्ग. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचेला भेग पडते, तिथून जंतू आत शिरतात. पाय लाल होतो, गरम लागतो, ठणकतो, ताप भरतो, आणि लाली तासातासाला वर चढते. घरात मधुमेही माणूस असेल तर पावसाळ्यात त्याच्या बोटांची बेचकी रोज बघा, कोरडी करा. लाली दिसली तर हळदीचा लेप लावून सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, त्याला अँटिबायोटिक लागतं.