रंग नवा, चमक गेली: लॅकरच्या थराची दुरुस्ती

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एशियन पेंट्सचा कारखाना २०१३ साली सुरू झाला, तेव्हा त्याची वार्षिक क्षमता ३ लाख किलोलिटर होती. म्हणजे वर्षाला ३० कोटी लिटर रंग. तालुक्यात कुणाकडेही रंगाचा विषय काढा, बोट त्या कारखान्याकडेच जातं. पण तिथे बनतो तो मुख्यतः घरांचा रंग. भिंतीवरचं इमल्शन पाणी उडून गेलं की वाळतं. त्याच तालुक्यातून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो, आणि त्याच्या कडेच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गाडीवर शेवटी जो पारदर्शक थर चढतो, त्याची जात वेगळी. त्याला कुणी क्लिअर म्हणतं, कुणी लॅकर. तो नुसता वाळत नाही, हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. नव्याने रंगवलेल्या गाडीच्या बहुतेक तक्रारी या क्रियेला पुरेसा वेळ, योग्य प्रमाण किंवा स्वच्छ हवा न मिळाल्याने उद्भवतात.

हा थर किती पातळ असतो, ते आधी समजून घ्यायला हवं. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनची जाडी असते. त्यात क्लिअरचा वाटा ४० ते ५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागदही याहून जाड असतो. गाडीची चमक याच थरात आहे, उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनंही यातच. दुरुस्ती करायची म्हणजे यातलाच काही भाग घासून काढायचा. तो परत येत नाही.

माझी गडद राखाडी मेटॅलिक गाडी खंबाटकी घाटात एका मालट्रकला घासली. बॉनेट आणि डाव्या बाजूची दारं रंगवून मिळाली, तेव्हा शेडच्या सावलीत ती लखलखत होती. उन्हात उभी केली आणि दोष एकेक करून दिसायला लागले. बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, पुढच्या दाराच्या खालच्या कडेला ओघळ, मागच्या दारावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. गॅरेजवाल्याचं म्हणणं एकच होतं: रबिंग मारून देतो, सगळं जाईल.

सगळं जात नाही. या तीन दोषांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. रबिंग हा त्यातल्या काहींवरच इलाज आहे.

संत्र्याची साल म्हणजे क्लिअर पृष्ठभागावर पसरण्याआधीच आवळलं गेलं. मिश्रण घट्ट राहिलं, गनला हवेचा दाब कमी पडला, गन पत्र्यापासून लांब धरली किंवा मे महिन्याच्या उन्हात लवकर उडणारा थिनर वापरला, की असं होतं. थिनर ऋतूप्रमाणे बदलायचा असतो. उन्हाळ्यात सावकाश उडणारा आणि थंडीत झटपट उडणारा, हा साधा नियम. महामार्गाकडेच्या अनेक शेडमध्ये मात्र बारमाही एकच डबा असतो. ओघळ याच्या उलट कारणाने येतात: मिश्रण पातळ, गन फार जवळ, किंवा पहिल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं न देता त्यावर दुसरा हात. हे दोन्ही दोष वरवरचे आहेत. क्लिअरवर बसलेले धुळीचे कणही त्यातलेच. खंडाळ्याच्या वाऱ्यात, उघड्या शेडमध्ये धूळ बसणारच. हे तिन्ही घासून काढता येतात.

छिद्रांचं तसं नाही. जाड थर एकदम मारला की वरची साय आधी धरते, आत अडकलेला थिनर नंतर वाट फोडून बाहेर येतो. पावसाळ्यात त्यात आणखी भर पडते. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते पाइपातून गनमध्ये येतं, आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्याचे बुडबुडे थरात राहतात. अशी छिद्रं खोलवर असतात. घासत गेलं तर वरची मिटल्यासारखी वाटतात, खालची उघडी पडतात. तिथे तो भाग सपाट घासून पुन्हा क्लिअर मारणं, आणि छिद्रं रंगापर्यंत गेली असतील तर रंगापासून सुरुवात करणं, एवढाच मार्ग उरतो. माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगेही तसेच. ते सिलिकॉनमुळे पडतात. शेजारी कुणी डॅशबोर्डवर चमक आणणारा स्प्रे मारत असला, तरी तेवढं पुरतं.

तिसरी जात सगळ्यात वाईट: क्लिअर पापुद्र्यासारखं सुटणं. खालचा थर नीट घासला नव्हता, किंवा त्यावर मेण, तेल राहिलं होतं. सुटलेल्या जागेभोवती नवीन क्लिअर मारून ठिगळ लावलं, तर सीमेवर ते पुन्हा उचलतं. पूर्ण पॅनेल घासून नव्याने करायला लागतं. यावर बफिंगचे पैसे घेणाऱ्याला ते देऊ नयेत.

बॉनेट आणि दार शेवटी साताऱ्यातल्या एका जुन्या पेंटरने हातात घेतलं. त्याने आधी काम नाकारलं. बिगरभट्टीचं क्लिअर आहे, अजून आतून ओलं असेल, उन्हात उभी राहू द्या, म्हणाला. त्याचं खरं होतं. भट्टीत ६० अंशांवर अर्धा तास मिळाला तर क्लिअर बऱ्यापैकी कडक होतं, पण उघड्यावर वाळलेल्याला दिवस लागतात. मऊ थर घासला की कागद चिकटतो, कडा फाटतात, आणि आज आणलेली चमक पुढच्या आठवड्यात पुन्हा मंदावते, कारण आत उरलेला थिनर उडताना थर आक्रसतो.

थर कडक झाल्यावर घासायला बसताना त्याने दोन बादल्या घेतल्या, एक कागद धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याची. पाण्यात थेंबभर शाम्पू. ओघळ आधी वेगळा काढला: भोवती टेप लावून, कडक ठोकळ्यावर १००० नंबरचा कागद, फक्त उंचवट्यावर. मग पूर्ण भागावर १५००, नंतर २०००, शेवटी ३०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. बोटांनी कागद दाबायचा नाही, बोटांच्या रेघा उठतात. बॉनेटच्या कडा आणि दारावरच्या उभार रेषांवर त्याने टेप लावून ठेवली होती. तिथे क्लिअर मुळातच पातळ बसतं आणि सगळ्यात आधी तिथेच फुटतं.

"मालक, पाण्यावर डोळा ठेवा," तो म्हणाला. "पांढरं निघतंय तोवर पुसायचं. गाडीचा रंग दिसला की हात उचलायचा."

मेटॅलिक गाडीसाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे. पाण्यात राखाडी छटा आली, की क्लिअर संपून खालचा रंग सुरू झाला. तिथे कायमचं वलय उमटतं आणि पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं. क्लिअर नसलेला जुन्या पद्धतीचा एकेरी रंग असेल, तर मात्र पाणी सुरुवातीपासून रंगीतच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कागदानंतर मशिनवर आधी कंपाऊंड, मग बारीक पॉलिश. पॅड सतत फिरतं ठेवायचं, एका जागी थांबलं की थर तापतो. या टप्प्यावर गाडीमालकाने एक गोष्ट आवर्जून करून घ्यावी. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलकट भर असते, ती बारीक रेघा बुजवते आणि दोन-चार धुण्यांत निघून जाते. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगावा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाहावं. उरलेल्या रेघा तिथेच दिसतात. जाडी मोजायचं यंत्र असलेल्या दुकानात आकडेही बघता येतात, पण लोखंडी पत्र्यासाठीचं साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर काही सांगत नाही.

मागचं दार मात्र रंगापासून पुन्हा केलं. दुसरा इलाज नव्हता.

यात एक बाब गाडीहून महत्त्वाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा करणं मला पटत नाही. हार्डनर मिसळलेलं, म्हणजे टू-के, क्लिअर फवारताना हवेत आयसोसायनेट उडतं. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं, की अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येतो, आणि त्या माणसाला धंदा सोडावा लागतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क याला अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क हा किमान बंदोबस्त, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा त्याहून चांगला. ज्या शेडमध्ये पोरं उघड्या तोंडाने गन मारतात, तिथे स्वस्तात काम होतं म्हणून गाडी देऊ नये. मास्क मागून घ्या, नसेल तर तेवढे पैसे बिलात धरा.

काम झाल्यावर किमान महिनाभर मेण किंवा सिरॅमिक लेप नको, उरलेला थिनर बाहेर पडू द्यायचा असतो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढावी, नव्या क्लिअरवर तिचा डाग झटकन उतरतो.

आणि बिल. क्लिअर कोणत्या कंपनीचं, हार्डनर त्याच कंपनीचा का, प्रमाण किती, आणि क्लिअर कडक झाल्यावरचं पॉलिश त्याच पैशात आहे का, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावं. विम्यातून काम असेल तर साहित्य आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली आहे का ते पाहावं. मोटार विम्याच्या नियमांप्रमाणे ५० टक्के घसारा रंगाच्या साहित्यावरच लागतो, आणि बिल एकत्र असेल तर साहित्याचा वाटा २५ टक्के धरतात. १२,००० रुपयांच्या एकत्रित बिलात ३,००० रुपये साहित्य, त्यातले १,५०० रुपये आपल्या खिशातून. शून्य घसाऱ्याची जोड असलेल्या पॉलिसीत सहसा तेही वाचतात.