गप्प पडलेलं मूल

लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स म्हणून काम करताना पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. रडणाऱ्या मुलाकडे सगळेच धावतात. माझी नजर आधी गप्प मुलाला शोधते. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं मूल कित्येकदा हूं की चूं करत नाही. पाय पोटाशी घेऊन, श्वाससुद्धा वरवर घेत पडून राहतं, कारण हललं की टाके ओढतात. त्याला कुशीवर वळायला किंवा खोकायला सांगावं. तेव्हा चेहरा कसा होतो, ते बघावं.

२. बोलता न येणाऱ्यांचं दुखणं मोजायला १९९७ पासूनचं ‘फ्लॅक’ स्केल आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण. पण भुकेलं बाळही पाय झाडतं. म्हणून लंगोट बघून, आईच्या मांडीवर देऊन मगच मी आकडा लिहिते.

३. साधारण तीन वर्षांपुढे, किती दुखतंय ते बोटाने दाखवायची, हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांची पट्टी चालते. मात्र नीट समजावलं नाही, तर मूल आवडलेला हसरा चेहराच दाखवतं. मोठी मुलंही ‘नाही दुखत’ म्हणतात, कारण दुखतंय म्हटलं की सुई येणार! मी आधीच सांगते, “औषध सलाईनच्या नळीतून जाईल, टोचणार नाही. आता सांग बाळा, किती दुखतंय?” मग खरं उत्तर येतं.

४. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं दुखणं त्याच्या आईला कळतं. कुणी ताठ होतं, कुणी चक्क हसतं. ‘दुखलं की हा काय करतो?’ हे ऑपरेशनच्या आधीच विचारून केसपेपरवर लिहावं.

५. ‘एवढ्याशा बाळाला काय कळतंय?’ हे ऐकलं की मला आजही संताप येतो. १९८० च्या दशकापर्यंत याच समजुतीपायी कित्येक नवजात बाळांची ऑपरेशनं अपुऱ्या भुलेत झाली. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या डॉक्टरांनी वैद्यकीय पुरावे मांडून ती समजूत खोडून काढली.

६. औषध दिलं म्हणजे काम संपलं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघून आकडा लिहावा. हर्नियाच्या ऑपरेशनात पाठीच्या खालच्या टोकाला दिलेली भूल काही तासांत उतरते. संध्याकाळी खेळणारं मूल रात्री कळवळतं. डॉक्टरांनी लिहिलेला पॅरासिटामॉलचा डोस त्याआधीच, वेळेवर द्यावा. मूल रडायची वाट बघू नये.