राहिलेला एक चेंडू

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापासून जवळच एक विस्तीर्ण मैदान आहे. त्याला इंदिरा गांधी क्रीडांगण असे नाव मिळाले असले, तरी सोलापूरकर त्याला पार्क मैदान म्हणूनच ओळखतात. क्रिकेटचा सामना अटीतटीचा झाला, म्हणजे प्रेक्षकांत दोन तट पडतात. फलंदाज धावचीत झाला की नाही, चेंडू बॅटीला लागला की पायाला, यावर घटकान् घटका वाद चालतो. सामना संपतो, यष्ट्या उपटल्या जातात, तरी वाद मात्र मैदानाबाहेर चहाच्या दुकानापर्यंत पोहोचतो. ज्याच्या निर्णयावरून हा वाद पेटतो, तो पंच मात्र आपली बाजू मांडावयास तेथे हजर नसतो.

पंच हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वी गावातला तंटा जाणत्या पंचांपुढे जाई आणि त्यांनी एकविचाराने दिलेला निवाडा सर्वजण शिरोधार्य मानीत. ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी म्हणच आहे. पंचायतीतल्या पंचांना विचारविनिमयास सवड असे. क्रीडांगणावरील पंचाला एकट्याने, आणि तोही क्षणार्धात, निवाडा द्यावा लागतो. त्याचे डोळे माणसाचे, कान माणसाचे आणि मनही माणसाचेच. तेव्हा त्याच्या हातून कधीतरी चूक व्हावयाचीच. अशा एका चुकीची कथा भारतीय क्रिकेटच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

१९४८ सालच्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला. जॉन गोडार्ड त्याचे कर्णधार होते. भारताचे नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे होते. याच मालिकेत, डिसेंबर १९४८ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न क्रीडांगणावर, सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर आपला पहिला कसोटी सामना खेळले. मालिकेतील पहिले तीन सामने अनिर्णित राहिले. चौथा सामना मद्रासला झाला आणि त्यात भारताचा एक डाव व १९३ धावांनी पराभव झाला. आता सारी आशा पाचव्या सामन्यावर होती.

हा सामना ४ फेब्रुवारी १९४९ रोजी पुन्हा ब्रेबॉर्न क्रीडांगणावरच सुरू झाला. उम्रीगर या सामन्यात नव्हते. वेस्ट इंडीजने पहिल्या डावात २८६ धावा केल्या. भारताचा डाव १९३ धावांत आटोपला. वेस्ट इंडीजने दुसऱ्या डावात आणखी २६७ धावांची भर घातली. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. १९३२ साली पहिला कसोटी सामना खेळल्यापासून भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. त्यामुळे हे आव्हान डोंगराएवढे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु भारतीय फलंदाज डगमगले नाहीत. सांगलीचे विजय हजारे यांनी १२२ धावांची धीरोदात्त खेळी केली. रुसी मोदी यांनी ८६ धावा काढून त्यांना साथ दिली. हे दोघे बाद झाल्यावर कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी किल्ला लढविला. आठ गडी बाद झाले, तरी धावफलक पुढेच सरकत होता. अखेर भारताच्या ३५५ धावा झाल्या. आता विजय केवळ सहा धावांवर होता. फडकर ३७ धावांवर खेळत होते, प्रायर जोन्स गोलंदाजी करीत होते आणि घड्याळाचा काटा सामना संपण्याच्या वेळेकडे सरकत होता.

षटक या शब्दातच सहा ही संख्या आहे. जोन्स यांच्या त्या षटकातील एक चेंडू अद्याप टाकावयाचा होता आणि नियोजित वेळेलाही सुमारे दीड मिनिट अवकाश होता. तोच पंच बापू जोशी यांनी षटक पूर्ण झाले व वेळही संपली असे समजून यष्ट्यांवरील बेल्स उचलल्या. खेळ थांबला. सामना अनिर्णित राहिला आणि मालिका वेस्ट इंडीजने १–० अशी जिंकली.

या प्रसंगावर तेव्हापासून आजपर्यंत क्रिकेटप्रेमी वाद घालीत आले आहेत. एक म्हणतो, “पंचाने भारताचा विजय हिरावून घेतला. राहिलेल्या चेंडूवर षटकार बसला असता, तर?” दुसरा उत्तर देतो, “षटकारच बसला असता हे कशावरून? त्याच चेंडूवर गडी बाद झाला असता, तर? शिवाय पहिल्या डावात आपण ९३ धावांनी मागे पडलो, त्याचा दोष कोणास द्यावयाचा?” तिसऱ्याचे म्हणणे आणखी वेगळे असते. वेस्ट इंडीजच्या संघाने अखेरच्या दिवशी मुद्दाम वेळ काढला, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता. तो म्हणतो, “पंचाचे दीड मिनिट सर्वांना दिसते, प्रतिपक्षाने वाया घालविलेला वेळ कोणी मोजतो का?”

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. राहिलेला चेंडू टाकला गेला असता, तर काय घडले असते, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र तो टाकला जाणे हा दोन्ही संघांचा हक्क होता. विजय निश्चित होता असे म्हणणे ही अतिशयोक्ती होय. आणि सामना तसाही अनिर्णितच राहिला असता, म्हणून चुकीला महत्त्व नाही असे म्हणणे हा अन्याय होय. वाद घालणाऱ्याने या दोन टोकांच्या मधली वाट धरली पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी कसोटी सामन्यांत यजमान देशाचेच पंच असत. बापू जोशी स्वतः भारतीय होते आणि त्यांच्या चुकीने संधी हुकली ती भारताची. यावरून ती चूक पक्षपाताची नसून मोजणीची होती, हे उघड आहे. हजारो प्रेक्षकांचा कोलाहल आणि क्षणोक्षणी वाढणारी उत्कंठा यांत फलंदाज चुकतो, क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल सुटतो. त्याच गोंधळात पंचाचा हिशेब चुकला.

परंतु याच मालिकेतील दुसरा एक प्रसंग पाहा. वेस्ट इंडीजचे फलंदाज एव्हर्टन वीक्स यांनी लागोपाठ पाच कसोटी डावांत पाच शतके झळकावली होती. मद्रासच्या सामन्यात ते सहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ९० धावांवर असताना त्यांना धावचीत ठरविण्यात आले. हा निर्णय अनेकांना शंकास्पद वाटला. पंच यजमान देशाचा आणि हानी पाहुण्याची, असे घडले म्हणजे प्रामाणिक चुकीकडेही लोक संशयाने पाहू लागतात. मुंबईतील राहिलेल्या चेंडूविषयी हळहळणारे कितीजण मद्रासच्या त्या धावचीताची आठवण काढतात? आपल्या संघाचे नुकसान झाले, की चूक पर्वताएवढी दिसते; प्रतिपक्षाचे झाले, की ती राईएवढी होते. न्यायाची खरी परीक्षा येथेच असते.

अशा वादांतूनच हळूहळू सुधारणा झाल्या. चूक वेगळी आणि पक्षपाताचा संशय वेगळा, म्हणून उपायही दोन प्रकारचे निघाले. संशय दूर व्हावा, यासाठी तटस्थ पंचांची कल्पना पुढे आली. १९८६ साली लाहोर येथे पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामन्यात व्ही. के. रामस्वामी आणि महाराष्ट्राचे पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमण्याची पद्धत सुरू झाली. चूक कमी व्हावी, यासाठी यंत्रांचे साहाय्य घेण्यात आले. चेंडू मोजण्यासाठी खिशातले खडे किंवा नाणी वापरणाऱ्या पंचांच्या हाती गणकयंत्र आले. १९९२ साली डर्बन येथे दूरचित्रवाणीवरील दृश्य पाहून तिसऱ्या पंचाने सचिन तेंडुलकर यांना धावचीत ठरविले. २००८ पासून मैदानावरील पंचाच्या निर्णयाचा फेरविचार मागण्याची सोयही झाली. तथापि नियमाचे एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. षटकातील चेंडू मोजण्यात पंचाची चूक झाली, तर पंचाने मोजलेले षटकच ग्राह्य धरले जाते. कोठेतरी वाद थांबल्यावाचून खेळ पुढे जाऊ शकत नाही, हेच त्यामागील तत्त्व आहे.

कित्येकदा मात्र यंत्राहूनही मोठे साहाय्य खेळाडूच्या सचोटीचे होते. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर भारत व इंग्लंड यांचा सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. तेवढ्यात बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद असल्याचा निर्णय पंचांनी दिला. चेंडू बॅटीला लागलेला नाही, अशी भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री झाली. त्यांनी पंचांना विनंती करून टेलर यांना परत बोलाविले. टेलर व इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. भारत हरला, परंतु त्या सामन्याची आठवण निघते, तेव्हा विश्वनाथ यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

आणि १९४९ साली हुकलेला विजय? त्यासाठी भारताला तीन वर्षे वाट पाहावी लागली. १० फेब्रुवारी १९५२ रोजी विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने मद्रासला इंग्लंडचा पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. विनू मंकड यांनी त्या सामन्यात बारा गडी बाद केले आणि नाबाद १३० धावा काढल्या त्या सोलापूरच्या पॉली उम्रीगर यांनी. भारत एक डाव व आठ धावांनी जिंकला. हा विजय इतका निर्विवाद होता, की कोणा पंचाच्या हिशेबावर तो अवलंबून राहिला नाही.

पंचाच्या निर्णयाविषयी प्रश्न विचारणे गैर नाही. तो प्रश्न योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि पुराव्यासह विचारला जावा, एवढेच. निर्णय मानणे म्हणजे तो अचूक आहे असे म्हणणे नव्हे. खेळ पुढे चालू राहावा म्हणून प्रत्येकाने स्वीकारलेले ते बंधन आहे. शाळेच्या मैदानावर तर पंच हा बहुधा आपलाच वर्गबंधू असतो. आज तो पंच आहे, उद्या आपल्यालाही त्या जागी उभे राहून चेंडू मोजावे लागतील, हे ज्याला उमगले, त्याच्या वादाला धार असते, पण विष नसते.

स्वाध्याय

१. गावच्या तंट्यातील पंच आणि क्रीडांगणावरील पंच यांत कोणता भेद सांगितला आहे?
२. बापू जोशी यांची चूक पक्षपाताची नव्हती, असे कशावरून म्हणता येते?
३. राहिलेल्या चेंडूविषयी तिघांची मते लिहा. तुम्हांस कोणते मत अधिक पटते? कारणे द्या.
४. चूक आणि पक्षपाताचा संशय यांवर कोणते निरनिराळे उपाय योजले गेले?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : शिरोधार्य मानणे, किल्ला लढविणे, छातीठोकपणे सांगणे, उंबरठ्यावर असणे.