तरुण संघ हाती घेतेस, तर थोडं ऐक

अगं बाय, तरुण संघाची जबाबदारी तुझ्यावर आली हे ऐकून बरं वाटलं, आणि फोनवरचा तुझा रडवेला सूर ऐकून हसूही आलं. “ताई, मुलं रविवारी येतात, मागे बसतात, मोबाइल बघतात आणि जातात. काय करू?” आणि लगेच तुझी यादी: गिटार घ्यायची, प्रोजेक्टर घ्यायचा, मुंबईहून कुणी वक्ता बोलवायचा. घे की. पण त्यानं मुलं यायला लागतील, टिकतीलच असं नाही.

आधी देवरूखचा हिशोब बघ. इथं आपली ख्रिस्ती घरं मोजकी. वर्गभर पोरांत आपलं एखादंच. बारावी झाली की तेही रत्नागिरी, कोल्हापूर, पुणं नाहीतर मुंबईची एसटी धरणार. म्हणजे तेरा ते अठरा एवढीच वर्षं तुझ्या वाट्याला, त्यातली दहावी-बारावीची क्लासवाले घेऊन जाणार. पुढं हॉस्टेलवर रविवारी सकाळी त्याला कुणी उठवायला येत नाही. आईच्या धाकानं चाललेला विश्वास तिथं पहिल्या सेमिस्टरलाच गळतो. तेव्हा हजेरी किती भरली याची फार काळजी करू नकोस. इथून निघेपर्यंत त्या पोराचा विश्वास त्याचा स्वतःचा झाला का, एवढंच बघ.

आणि तो स्वतःचा व्हायला प्रश्न विचारावे लागतात. लूकचा दुसरा अध्याय काढ. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिलाय, मरिया-योसेफ तीन दिवस त्याला शोधतायत, आणि हा मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि त्यांना प्रश्न विचारतोय. चारही शुभवर्तमानांत त्याच्या पोरवयाचा प्रसंग म्हणून एवढाच एक लिहिलेला आहे. आपण मात्र संडे स्कूलमध्ये प्रश्न विचारणाऱ्या पोराला “जास्त शहाणपणा नको” म्हणून खाली बसवतो. मग ते बसतंच, थेट मागच्या बाकावर.

इथली मुलं विचारतात काय, तेही ऐक. त्रैक्य वगैरे नंतर. त्यांचा पहिला प्रश्न गणपतीतला असतो: मित्राच्या घरी आरतीला उभं राहू का? मोदक दिला तर खाऊ का? दुसरा शिमग्यातला. पालखी वाडीत येते, सगळी पोरं नाचवायला जातात, मी काय घरात दडून बसू? संक्रांतीला मार्लेश्वरच्या जत्रेला सगळा ग्रुप निघतो, मी काय कारण सांगू? कोकणात ख्रिस्ती पोर म्हणून वाढायचं तर हे प्रश्न वर्षातून तीनदा दारात येणारच. त्यांना “नाही म्हणजे नाही” एवढंच उत्तर दिलंस, तर पोर घरात नाही म्हणेल आणि बाहेर गुपचूप जाईल. दोन तोंडांनी जगायची सवय तिथूनच लागते.

त्यापेक्षा करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे. करिंथातल्या मंडळीपुढं नेमका हाच पेच होता, मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही. पौलानं त्यावर एका ओळीत निकाल दिलेला नाही. मूर्तिपूजेपासून दूर पळा असं तो ठणकावतो. पण कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं फार चौकशा न करता खा, असंही म्हणतो. आणि आपल्या मोकळेपणानं कुणी अडखळत असेल तर तो मोकळेपणा सोडायला सांगतो. पोरांना यावर भांडू दे, तासभर भांडू दे. एखादी म्हणेल, मी मोदक खाते पण हात जोडत नाही. दुसरा म्हणेल, मी खातच नाही. दोघांना आपलं कारण सांगता यायला हवं, आणि मित्राच्या आईचं मन न दुखवता वागता यायला हवं. माझं विचारशील तर मैत्री तोडून सांभाळलेलं सोवळं मला पटत नाही. पाळकसाहेबांचं मत वेगळं असेल, तर ते त्यांनी मुलांसमोर मांडावं आणि मुलांचंही ऐकावं.

आणखी एक बोच असते. शाळेत चिडवतात, “तू ख्रिश्चन, मग तुझं इंग्लिश एकदम भारी असेल!” पोरालाही हळूहळू वाटायला लागतं की आपला देव परमुलखातला. त्याला टिळकांकडं ने. कवी नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे, जन्म 1861 चा. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते अडकले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची बायको लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. रडल्या, चिडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःच्या मनानं आल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी तो प्रवास स्वतःला हसत हसत लिहिलाय. त्यातलं सोवळ्या-ओवळ्याचं वाचून दाखव, मुलं पोट धरून हसतील. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. आपल्याला मात्र दृढीकरणाच्या वर्गातून सहा आठवड्यांत पक्का विश्वासणारा हवा असतो!

टिळकांची भजनं आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत. ती गिटारवरच बसवायला हवीत असं कुणी सांगितलं? इथली पोरं नमन, जाखडी बघत वाढलेली, मृदंगावर त्यांचा हात आधीच बसलेला. त्यांना तो वाजवू दे.

वाचनाचं म्हणशील तर मे महिन्यात मार्कचं शुभवर्तमान घे. चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, सोळाच अध्याय. पाठांतर स्पर्धा नकोत, बक्षीस मिळालं की वचन विसरतं. स्तोत्रसंहितेतली तक्रारीची स्तोत्रंही वाच, विशेषतः बाविसावं. मार्क कमी पडले, बाबांची नोकरी गेली, आजी गेली, अशा वेळी लगेच “देवाची योजना असते” म्हणून मोकळी होऊ नकोस. देवाकडं गाऱ्हाणं घालायलाही शास्त्रात जागा आहे, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

पण एखादं पोर झोपेनासं झालं, जेवेनासं झालं, जगून काय करू म्हणायला लागलं, तर प्रार्थना कर आणि डॉक्टरकडंही ने. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. प्रार्थनेनं भागेल म्हणून डॉक्टर टाळणाऱ्यांचं या बाबतीत अजिबात ऐकू नकोस.

मुलांच्या हाती खरं काम दे. नाताळच्या कार्यक्रमाचा हिशोब, लहानग्यांचा वर्ग, रविवारचं शास्त्रवाचन. चुकू दे, तू मध्ये पडू नकोस. सेवा म्हणजे काय हे दाखवायला परदेशातला संत शोधायची गरज नाही. इंदिराबाई हळबेंनी, सगळ्यांच्या मावशींनी, इथंच देवरूखात 1954 मध्ये ‘मातृमंदिर’ ही सेवासंस्था उभी केली. त्या आपल्या मंडळीतल्या नव्हत्या, हेही मुलांना सांग. चांगलं काम करायचा मक्ता आपल्याकडं नाही, हे लवकर कळलेलं बरं.

आता जरा कडक बोलते. बंद खोलीत एकट्या मुलाशी किंवा मुलीशी कुणीही मोठ्या माणसानं बसायचं नाही, तूही नाही, पाळकही नाही. शिबिराला दोन-तीन मोठी माणसं हवीत, त्यात बाई हवीच, आणि पालकांची लेखी परवानगी हवी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक-दोन पालक ठेव. कुणी काही सांगायला आलं तर “कुणाला सांगणार नाही” असं वचन आधीच देऊ नकोस. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीचं नाव खराब होईल म्हणून दडपता येत नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर 1098 तुला पाठ हवा. आणि मुलांचे हिंदू-मुसलमान मित्र कॅरम खेळायला, गाणी म्हणायला आले तर चहा दे, पण त्यांच्या घरी ठाऊक असायला हवं. त्या पोरांजवळ धर्म बदलण्याची भाषा कुणी काढली, तर तिथंच थांबव.

येत्या रविवारी भाषण ठेवू नकोस. प्रत्येकाला कोरा कागद दे, नाव न घालता एक प्रश्न लिहायला सांग आणि सगळे मोठ्यानं वाच. पाळकसाहेबांनाही बोलव, फक्त शेवटचा कागद वाचून होईपर्यंत उत्तर देऊ नका, असं त्यांना आधीच विनवून ठेव.